परिवार अभ्यास : निरवानिरव हयातीतच करावी

॥ श्री गुरवे नमः ॥



राजेंद्र नगरच्या आपल्या परिवार गटांमध्ये गृहस्थाश्रमाची कर्तव्ये हा अभ्यास चालू आहे. आई-वडिलांची सेवा, मुलांचं शिक्षण, कर्ज आणि खर्च एवढे विषय झाले. या वेळचा विषय आहे मृत्युपत्र, म्हणजे इंदूरात आपण जिला सरळ वसीयत म्हणतो ती. तिच्या जोडीला नॉमिनी, वारस आणि घराचे कागद.

विषय काढला की घरातलं मोठं माणूस म्हणतं, “शुभ बोला!” धाकटे गप्प बसतात, कारण त्यांनी विचारलं तर “याचा डोळा घरावर आहे” असं वाटेल. मोठे बोलत नाहीत, लहान विचारत नाहीत, आणि मग तेराव्याच्या जेवणानंतर कपाट उघडून कागद शोधायची वेळ येते. म्हणून हा पाठ सगळ्यांनी एकत्र बसून वाचावा. एकाने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा.

*१) आपली परंपरा काय सांगते*

काही जणांना वाटतं, साधना करणाऱ्या माणसाने पैशाअडक्याच्या गोष्टीत कशाला पडायचं? बृहदारण्यक उपनिषदातला याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी यांचा संवाद आठवून पाहा. आपल्याला त्यातली मैत्रेयी आठवते, तिने अमृतत्वाबद्दल विचारलेला प्रश्न आठवतो. पण तो संवाद सुरू कसा होतो? याज्ञवल्क्य घर सोडून निघालेले असतात आणि ते मैत्रेयीला सांगतात की तुझी आणि कात्यायनीची वाटणी मी करून देतो. एवढे ब्रह्मज्ञानी, पण निघण्याआधी दोघींची व्यवस्था लावायला विसरले नाहीत.

यासाठी मराठीत फार सुंदर शब्द आहे, निरवानिरव. जाणाऱ्याने मागच्यांची नीट सोय लावून, सांगून-सवरून जाणं. ‘हे माझं’ म्हणून धरून ठेवलेलं एकेक आपल्या हाताने, शांत मनाने सोडायचं. त्या अर्थाने मृत्युपत्र लिहिणं ही वैराग्याचीच सवय आहे.

*२) कालनिर्णयच्या घरातला धडा*

‘कालनिर्णय’ आपल्या बहुतेकांच्या स्वयंपाकघरात टांगलेलं असतं. 1973 पासून ते काढणारे ज्योतिर्भास्कर जयंतराव साळगावकर 20 ऑगस्ट 2013 रोजी गेले. त्यांनी 2011 मध्ये मृत्युपत्र केलेलं होतं. तरीही मृत्युपत्रातल्या मिळकतींशिवाय काही कोटींच्या मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड होते, आणि त्यांवर घरातल्या काही जणांची नावं नॉमिनी म्हणून लावलेली होती.

प्रश्न असा आला की नॉमिनीचं नाव आहे म्हणून ते पैसे नॉमिनीचेच, की सगळ्या वारसांचे? 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लागला. 2015 मध्ये एका न्यायाधीशांचा निकाल, 2016 मध्ये दोन न्यायाधीशांचा, आणि शेवटी 14 डिसेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं : *नॉमिनी हा मालक नव्हे.* शेअर आणि म्युच्युअल फंडांवरचा नॉमिनी पैसे ताब्यात घेऊ शकतो, पण ते अखेर कोणाचे हे मृत्युपत्राने ठरतं, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याने.

त्या घरात कोण बरोबर नि कोण चूक हे पाहणं आपलं काम नाही. आपण एवढंच पाहायचं, की अवघ्या महाराष्ट्राला तिथी-वार सांगणाऱ्या घरातला हा प्रश्न सुटायला नऊ वर्षं लागली. आणि हा गोंधळ वकिलांचाही होता. 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्याच एका निकालात शेअरबाबत अगदी उलट मत दिलं होतं. मग आपण सामान्य माणसं “नॉमिनी टाकलाय ना, झालं काम” असं म्हणत राहिलो तर नवल नाही.

सोपं करून सांगायचं तर नॉमिनी म्हणजे भरताने पादुका ठेवून सांभाळलेलं राज्य. सांभाळणारा तो, पण राज्य त्याचं नाही. बँकेला कोणाच्या तरी हातात पैसे देऊन मोकळं व्हायचं असतं, नॉमिनी त्यासाठी असतो.

मग नॉमिनी टाकूच नये का? जरूर टाकावा. तो नसला तर बँकेतून पैसे निघायलाच महिनोन्‌महिने जातात. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेतल्या ठेवींना चारपर्यंत नॉमिनी देता येतात, आणि प्रत्येकाचा हिस्सा किती टक्के हेही लिहिता येतं. लॉकरला मात्र एकामागून एक असेच नॉमिनी लागतात. विम्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. 2015 च्या दुरुस्तीनुसार आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्या हक्काची धरण्याची तरतूद आहे. तरीसुद्धा मृत्युपत्रात पॉलिसीचा उल्लेख करावा. सगळ्यांत सोपा नियम असा : *नॉमिनीचं नाव आणि मृत्युपत्रातलं नाव एकच ठेवा.* वेगळं ठेवायचं असेल तर का ठेवलं ते मृत्युपत्रात एका ओळीत लिहा.

*३) मृत्युपत्र नसेल तर काय होतं*

“आमच्याकडे काय एवढं आहे, आणि कायदा आहेच की.” हो, कायदा आहे. पण तो आपल्या मनात काय आहे ते ओळखत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चा आहे. पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि *आई* यांना सारखा वाटा मिळतो. आधीच गेलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरच्यांना त्या मुलाचा वाटा मिळतो.

समजा, एका घरात नवरा गेला. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि म्हातारी आई. घराचे चार सारखे भाग झाले. आपल्याला वाटत होतं, नवऱ्यामागे घर बायकोचंच. तसं नाही, तिचा पाव हिस्सा. पुढे आजी मृत्युपत्र न करता गेल्या, तर त्यांचा पाव हिस्सा त्यांच्या सगळ्या मुला-मुलींत जातो. म्हणजे पुण्यातले काका आणि देवासची आत्या या घरात भागीदार झाले. ते भलेही सोन्यासारखे असोत, घर विकायचं किंवा गहाण ठेवायचं म्हटलं की प्रत्येकाची सही लागणार. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. *वडील* या पहिल्या यादीत नाहीत. कमावता मुलगा अचानक गेला आणि मागे बायको-मुलं आहेत, तर वडिलांना कायद्याने त्यातलं काही मिळत नाही. तरुण मंडळींनीही मृत्युपत्र करावं ते यासाठी.

मुलीच्या हक्काबद्दल आपल्या घरांत अजून कुजबुज असते. महाराष्ट्राने 1994 मध्ये, आणि 9 सप्टेंबर 2005 पासून सगळ्या देशाने, वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेही साफ केलं की त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची अट नाही. लग्न झालेली, न झालेली, सगळ्यांना हे लागू आहे.

कितीतरी बहिणी आपखुशीने हक्क सोडतात, माहेर टिकावं म्हणून. तो त्यांचा मोठेपणा. पण तो *तिचा* निर्णय असायला हवा. राखीच्या दिवशी ताटाशेजारी कागद ठेवून “ताई, इथे एक सही” असं होऊ नये. हक्कत्यागाचा कागद तिला आधी वाचायला द्यावा. घर-जमिनीचा हक्कत्याग रजिस्टर करावा लागतो, तोंडी सोडलेला हक्क कागदावर सुटत नाही.

*४) भगिनींनी हा भाग दोनदा वाचावा*

बाई मृत्युपत्राशिवाय गेली तर तिच्या मिळकतीचा नियम वेगळा आहे. आधी मुलं आणि नवरा. ते नसतील तर *नवऱ्याचे वारस*. तिचे स्वतःचे आई-वडील त्यांच्या नंतर. माहेरच्या आई-वडिलांकडून वारसाने आलेली मिळकत, मुलं-नातवंडं नसतील तर, माहेरी परत जाते. पण तिने स्वतः कमावलेलं तसं जात नाही.

2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं प्रकरण ऐका. एक मुलगी लग्नानंतर तीन महिन्यांतच विधवा झाली. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, पैसा जमवला. 1996 मध्ये मृत्युपत्र न करता गेली. तिच्या आईने हक्क सांगितला. न्यायालयाने सांगितलं की सहानुभूती वेगळी आणि कायदा वेगळा, आणि तिच्या कष्टाचा पैसा सासरच्या वारसांकडे गेला. एका कागदाने हे टळलं असतं. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व महिलांना, विशेषतः हिंदू महिलांना, मृत्युपत्र करण्याचं आवाहन केलं आहे.

म्हणून “माझ्याकडे काय आहे?” म्हणू नका. स्त्रीधनाचे दागिने, पोस्टातलं खातं, शिकवण्या-शिवणाचे साठवलेले पैसे, घरात लावलेलं जोडनाव, सगळं तुमचं आहे. आईच्या पाटल्या कोणाला आणि मोहनमाळ कोणाला, हेसुद्धा लिहा. मिळकतीवरून भांडण होतं तेव्हा कोर्ट तरी असतं. दागिन्यांवरून दोन जावांचं किंवा नणंद-भावजयीचं मन दुखतं ते कुठेच मिटत नाही.

*५) बक्षीसपत्र करून टाकू का?*

काही काका-काकू म्हणतात, मृत्युपत्राची भानगड नको, आत्ताच मुलाच्या नावे करून देऊ. फरक समजून घ्या. मृत्युपत्र आपल्यामागे लागू होतं आणि जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र, म्हणजे दानपत्र, आजच मालकी देतं, आणि मग मन बदललं म्हणून परत घेता येत नाही.

आपल्याच मध्य प्रदेशातलं छतरपूरचं प्रकरण आहे. आईने 2019 मध्ये मुलाला घर बक्षीस दिलं, मुलाने सांभाळण्याचं वचन दिलं. पुढे सांभाळ झाला नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली आईने दाद मागितली, आणि वरखाली होत अखेर 2 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बक्षीसपत्र रद्द करून घर आईला परत दिलं. न्याय मिळाला, पण एवढ्या वर्षांत आई-मुलात काय उरलं असेल? त्यामुळे बक्षीसपत्र करायचंच असेल तर “देणाऱ्याचा सांभाळ करावा” ही अट त्यातच लिहावी, आणि आपल्या हयातीत राहण्याचा हक्क राखून ठेवावा.

निगमात किंवा तहसिलीत नामांतरण झालं म्हणजे मालकी मिळाली, हाही गैरसमज आहे. नामांतरण हे करवसुलीसाठी असतं. मालकी रजिस्ट्री, मृत्युपत्र किंवा वारसा यांवरूनच ठरते.

*६) मृत्युपत्र कसं करायचं*

• वय 18 पूर्ण आणि मन ठिकाणावर असलेला कोणीही करू शकतो. साधा कागद चालतो. स्टॅम्प पेपर लागत नाही.

• हाताने लिहा किंवा टाइप करा, भाषा कोणतीही चालते. इथल्या कार्यालयांत कामकाज हिंदीत चालतं, म्हणून मराठीत लिहिलं तर सोबत हिंदी करून ठेवलेलं बरं.

• सुरुवात साधी असावी : “मी अमुक, वय अमुक, राहणार अमुक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करत आहे. याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.” मग घरातल्यांची नावं, मिळकतीची यादी, आणि कोणाला काय. शेवटी एक ओळ जरूर लिहा : “यात लिहायचं राहिलेलं बाकी सर्व अमुक व्यक्तीला मिळावं.” लिहून झाल्यावर घेतलेली ठेवसुद्धा या ओळीत येते.

• *दोन साक्षीदार* हवेतच. त्यांनी आपल्याला सही करताना पाहावं आणि आपल्यासमोर स्वतःची सही करावी. ज्याला मिळकत मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार करू नये, उगाच संशय नको. साक्षीदार वयाने लहान असावेत. पुढे वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी कोर्टात सांगावं लागतं.

• प्रत्येक पानावर सही, तारीख, जागा. वय झालेलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून “मानसिकदृष्ट्या सक्षम” असं लिहून घ्यावं.

• रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण केलेलं चांगलं. उपपंजीयक कार्यालयात करता येतं. रजिस्टर केलेलं मृत्युपत्रही नंतर बदलता येतं. *शेवटचं मृत्युपत्र खरं.*

• अंमलबजावणी करणारा, म्हणजे एक्झिक्युटर, नेमा. सगळ्यांना आपला वाटेल असा माणूस असावा.

• लहान मुलं असतील तर दोघांनाही काही झाल्यास पालक कोण, तेही लिहा.

• वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला फक्त *आपला* वाटा लिहिता येतो, सगळं घर नाही. असं घर असेल, दुसरं लग्न असेल, विशेष गरजा असलेलं मूल असेल किंवा मुंबई-पुण्यात फ्लॅट असेल, तर वकिलाची फी वाचवू नका. अमेरिकेतल्या मुलांनाही इथली मिळकत वारसाने मिळू शकते. त्यांना वगळू नका आणि गृहीतही धरू नका, विचारा.

*७) एक फाइल, एक पान*

मृत्युपत्राइतकीच गरज एका फाइलची आहे. वरच्या पानावर : बँकखाती, ठेवी, पोस्ट, विमा, लॉकर, रजिस्ट्री कुठे आहे, कर्ज किती, कोणाचं देणं, कोणाकडून येणं. पासवर्ड या पानावर नको, आणि आपल्या ग्रुपवर तर मुळीच नको. दर गुरुपौर्णिमेला पान ताजं करा.

दहा वर्षं हात न लावलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या शोधायला 2023 पासून ‘उद्गम’ नावाचं पोर्टल आहे. आजोबांचं जुनं खातं असण्याची शंका असेल तर मुलांना त्यावर शोधायला सांगा. निधीत गेलेले पैसेही बँकेमार्फत परत मागता येतात.

*८) सांगायचं कसं*

सारखी वाटणीच करावी असं आम्ही म्हणणार नाही. एका मुलीने दहा वर्षं आईचं पथ्यपाणी केलं असेल, एका मुलाच्या शिक्षणावर घर गहाण पडलं असेल. कमी-जास्त देण्याचा आपल्याला हक्क आहे. पण कारण सांगा. जमलं तर तोंडी, नाहीतर मृत्युपत्रासोबत एका चिठ्ठीत, रागाचा एकही शब्द न येता. मुलांना कमी मिळाल्याचं जितकं लागतं, त्याहून “बाबांनी मला सांगितलंसुद्धा नाही” हे जास्त लागतं.

धाकट्यांनी विचारताना “आम्हाला काय देणार?” असं विचारू नये. “बाबा, कागद कुठे आहेत ते आईला माहीत आहेत का?” इथून सुरुवात करावी. हा प्रश्न आईच्या काळजीचा आहे, त्याला कोणी नाही म्हणत नाही.

आणि आम्हा सेवेकऱ्यांबद्दल एक. गटातल्या कोणाच्याही मृत्युपत्रात आम्ही परिवाराच्या नावे दान सुचवणार नाही, फाइल बघायला मागणार नाही, कोणाच्या वतीने सही घेणार नाही. कोणी गुरूंचं नाव सांगून तसं काही मागितलं तर नम्रपणे नाही म्हणा. गुरुसेवेचं मोल मिळकतीत नसतं. दान द्यायचंच असेल तर ते हयातीत, आपल्या हाताने आणि घरच्यांना सांगून द्यावं.

*या महिन्याचा संकल्प*

पहिला आठवडा : फाइलचं एक पान लिहायचं.
दुसरा आठवडा : सगळे नॉमिनी तपासायचे. लग्नाआधी टाकलेली, आता हयात नसलेल्यांची नावं बदलायची.
तिसरा आठवडा : नवरा-बायकोने बसून कच्चं मृत्युपत्र लिहायचं, *दोघांचं वेगवेगळं*.
चौथा आठवडा : दोन साक्षीदार, सही, तारीख. आणि कागद कुठे ठेवला ते दोघांना सांगायचं.

*गटात चर्चेसाठी प्रश्न*

१. आपल्या घरात कोणाचं नाव नॉमिनी आहे? तो ते कोणासाठी सांभाळणार आहे?
२. आज मृत्युपत्र नसताना आपलं घर कायद्याने किती जणांचं होईल? बोटं मोजून सांगा.
३. घरातल्या लेकीला किंवा सुनेला आपण कोणती गोष्ट सांगायची टाळत आलो आहोत?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गटात दिलं नाही तरी चालेल, घरी गेल्यावर द्यावं.

पुढच्या पाठात : घरातल्या ज्येष्ठांचं आजारपण आणि निर्णय कोणी घ्यायचे. ज्यांच्या घरी वाचता न येणारी मोठी माणसं आहेत त्यांनी हा पाठ जोरात वाचून दाखवावा.

सर्वांच्या घरी गोडवा नांदो. जय गुरुदेव 🙏

— अभ्यास सेवा, राजेंद्र नगर परिवार गट, इंदूर